सेवेचे वेळापत्रक : एका छोट्या आंतरराष्ट्रीय शाळेची कहाणी

कापडाच्या व्यवसायात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला एक सवय जडते. ठाणावरची सोनेरी छापील अक्षरे तो वाचतो, पण त्यांच्यावर विसंबत नाही. कापड बोटांत धरून पाहतो, उजेडाकडे करून पाहतो आणि फारच शंका आली तर काठाचा एक धागा काढून जाळून पाहतो. सुती धागा कागदासारखा जळतो व त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची टणक गोळी बनते. छाप काहीही सांगो, धागा खोटे बोलत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ‘इंटरनॅशनल स्कूल’ ही पाटी महानगरांतून निघून तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचली आहे. आपल्याच समाजातील अनेक कुटुंबांची मुले अशा शाळांत शिकतात, माझी नातही शिकते. त्यात गैर काही नाही. परंतु तिच्या प्रवेशाच्या वेळी वातानुकूलित वर्ग, तरणतलाव आणि गुळगुळीत माहितीपुस्तक पाहताना माझ्यातील कापड व्यापारी जागा झाला. ही छाप झाली, धागा कोणता? ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाचा मूळ अर्थ काय, तो कोणी आणि कशासाठी घडवला, याचा शोध घेताना वेल्सच्या समुद्रकिनाऱ्यावरील एका लहानशा शाळेचा इतिहास माझ्या वाचनात आला. अवघ्या ५६ मुलांनिशी सुरू झालेल्या त्या शाळेची कहाणी आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सांगावी, असे मला मनापासून वाटले. त्यामागे एक वैयक्तिक कारणही आहे. ते लेखाच्या अखेरीस निवेदन करीन.

एका शिक्षकाचा हद्दपारीतून सुरू झालेला प्रवास

या कहाणीचा आरंभ कुर्ट हान या शिक्षकापासून होतो. १८८६ साली बर्लिन येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर, १९२० साली, जर्मनीचे माजी पंतप्रधान प्रिन्स मॅक्स यांच्या साहाय्याने त्यांनी झालेम येथे निवासी शाळा सुरू केली. केवळ बुद्धिमान नव्हे, तर जबाबदार नागरिक घडवावेत, हा तिचा हेतू होता.

१९३२ साली पोटेम्पा या गावी हिटलरच्या अनुयायांनी एका कामगाराची त्याच्या आईदेखत हत्या केली. मारेकऱ्यांना शिक्षा झाली, तेव्हा हिटलरने त्यांना जाहीर पाठिंबा दिला. हान यांनी आपल्या शाळेच्या सर्व माजी विद्यार्थ्यांना पत्र पाठवून कळविले, की हिटलरशी तरी संबंध तोडा, नाहीतर झालेमशी तरी. शाळेच्या चालकाने आपल्या माजी विद्यार्थ्यांना अशी निवड करायला लावणे ही सामान्य गोष्ट नव्हे. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि हान यांना अटक झाली. ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी शब्द टाकला, म्हणून त्यांची सुटका झाली व ते ब्रिटनला आले. १९३४ साली स्कॉटलंडमध्ये त्यांनी गॉर्डनस्टन ही शाळा स्थापन केली. तेथील मुले किनाऱ्यावर पहारा देत आणि अग्निशमनाचे काम शिकत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक हकीकत आपण व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. लॉरेन्स होल्ट नावाचे एक जहाजमालक होते. शत्रूने जहाज बुडविल्यावर जीवरक्षक होडीत तरुण, धडधाकट खलाशी लवकर खचतात आणि वयस्क खलाशी मात्र तग धरतात, असे त्यांचे निरीक्षण होते. शरीराच्या बळाएवढेच महत्त्व स्वतःवरील व सोबत्यांवरील भरवशाला आहे, हा त्याचा अर्थ होता. होल्ट यांच्या साहाय्याने १९४१ साली हान यांनी वेल्समधील ॲबरडव्ही येथे तरुणांना समुद्रावर व डोंगरात घडविणारे प्रशिक्षण केंद्र उघडले. ‘आउटवर्ड बाउंड’ या नावाने ती चळवळ पुढे जगभर पसरली.

आजच्या तरुणांत सहा गोष्टींची घसरण होत आहे, असे हान सांगत असत. शरीराची तंदुरुस्ती, स्वतःहून पुढे होण्याची वृत्ती, स्मरण व कल्पनाशक्ती, हातातील कौशल्य व काळजीपूर्वक काम, स्वयंशिस्त आणि करुणा या त्या सहा गोष्टी होत. यांपैकी करुणेचा ऱ्हास त्यांना सर्वांत घातक वाटे. ‘युद्धाला नैतिक पर्याय हवा’ असा विचार अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९१० साली मांडला होता. तरुणांना युद्धात जे थरारक आवाहन जाणवते, ते त्यांना दुसऱ्याचा जीव वाचविण्यात सापडू शकते, हे हान यांनी त्याला दिलेले उत्तर होते. पुढील सर्व इतिहास या एका वाक्याचा विस्तार आहे.

किल्ला, धनिक आणि एडनचा व्यापारी

१९५५ साली पॅरिस येथे नाटो या लष्करी संघटनेच्या संरक्षण महाविद्यालयात हान यांना व्याख्यानासाठी बोलावण्यात आले. एअर मार्शल लॉरन्स डार्व्हल त्याचे प्रमुख होते. दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर बॉम्ब टाकणाऱ्या देशांचे अधिकारी तेथे एका वर्गात बसून, एका टेबलावर जेवून मित्र झालेले हान यांनी पाहिले. त्यांच्या आणि डार्व्हल यांच्या मनात एकच प्रश्न आला. हे पन्नाशीच्या अधिकाऱ्यांना साधते, तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना का साधू नये? त्या वयात तर मने अधिक मोकळी असतात. विद्यापीठात जाण्यापूर्वीची दोन वर्षे निरनिराळ्या देशांतील मुलांनी एकत्र राहावे, शिकावे आणि सेवा करावी, अशी शाळा काढण्याचे ठरले.

कल्पना उत्तम होती, पण जागा नव्हती. ती मिळाली वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, ग्लॅमॉर्गन परगण्यातील सेंट डोनॅट्स या प्राचीन किल्ल्यात. हा किल्ला १९२५ साली अमेरिकेतील वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी विकत घेतला होता. त्यांनी त्यावर पाण्यासारखा पैसा ओतला. इंग्लंडमधील ब्रॅडनस्टोक येथील जुन्या मठाचे लाकडी छत उतरवून त्यांनी येथे आणून बसविले आणि त्यावरून त्या देशात मोठा गहजब झाला. बर्नार्ड शॉ, चार्ली चॅप्लिन यांसारखे पाहुणे येथे उतरले. स्वतः मालक मात्र एवढ्या वर्षांत येथे जेमतेम काही महिने राहिले. १९५१ साली त्यांचे निधन झाले आणि किल्ला ओस पडला.

१९६० साली हा किल्ला अंतोनँ बेस यांनी खरेदी केला आणि नियोजित शाळेला दान दिला. हे नाव वाचताच मी थबकलो. एडन बंदरात ‘ए. बेस आणि कंपनी’ ही नामांकित फ्रेंच पेढी होती. किल्ला देणारे बेस हे त्या पेढीच्या संस्थापकाचे चिरंजीव. वडिलांचेही नाव अंतोनँच होते. कातडी, कॉफी, खनिज तेल अशा मालाच्या व्यापारात त्यांनी संपत्ती मिळविली आणि त्यातील मोठा वाटा ऑक्सफर्ड येथील सेंट अँटनीज कॉलेजच्या स्थापनेसाठी दिला. याच पेढीत एडनला जुनागडकडचा एक तरुण नोकरीला होता, धीरूभाई अंबानी. १९५८ साली ते मुंबईत परतले, सुताच्या व्यापारात शिरले आणि १९६६ साली नरोडा येथे त्यांनी कापडाची गिरणी उभारली. त्या गिरणीची ‘विमल’ची ठाणे आमच्या दुकानाच्या फळीवर कित्येक वर्षे होती. ज्या पेढीत धीरूभाई व्यापार शिकले, तिच्याच मिळकतीच्या वारसातून जगातील एका आगळ्या शाळेला छप्पर मिळाले, हा योगायोग एका कापड व्यापाऱ्याला सुखावणारा आहे.

एकाने किल्ला सजवून ठेवला, दुसऱ्याने देऊन टाकला. इतिहासात पहिल्याचे नाव खर्चासाठी उरले, दुसऱ्याचे उपयोगासाठी. सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्या दात्यांचे आपण स्मरण करीत आहोत, त्यांच्या संदर्भात यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

पहिले सत्र

सप्टेंबर १९६२ मध्ये ‘अटलांटिक कॉलेज’ या नावाने शाळेचा प्रारंभ झाला. बारा देशांतील ५६ मुलगे दाखल झाले. आयर्लंडमध्ये जन्मलेले, पेशाने अभियंता असलेले नौदलातील निवृत्त अधिकारी रिअर ॲडमिरल डेस्मंड होर हे पहिले मुख्याध्यापक. त्यांच्यापुढे भव्य पण थंडगार किल्ला, अपुऱ्या सोयी आणि एकमेकांची भाषा धड न समजणारी मुले, एवढे भांडवल होते.

त्या पहिल्याच सत्रात जगाची स्थिती काय होती, हे ध्यानी घेतले पाहिजे. बर्लिनमधील भिंत उभी राहून जेमतेम वर्ष झाले होते. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले. त्याच महिन्याच्या २० तारखेला चीनने आपल्या सीमेवर हल्ला केला. आपल्या घराघरांतून स्त्रिया अंगावरचे दागिने संरक्षण निधीला देत होत्या, असे मी आईच्या तोंडून ऐकले आहे. मी तेव्हा पाळण्यात होतो. सत्र संपता संपता ब्रिटनमध्ये शतकातील अत्यंत कडक हिवाळ्यांपैकी एक सुरू झाला. अशा काळात, महायुद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांतील मुले एका छताखाली निजत होती आणि सकाळी एका पंगतीला बसत होती. जगातील वडीलधारी मंडळी क्षेपणास्त्रे मोजत असताना या मुलांनी दोरखंडाच्या गाठी शिकाव्यात, यातच त्या शाळेचे सारे तत्त्वज्ञान सामावलेले आहे.

वेळापत्रकातील दुपार

त्या आरंभीच्या वर्षांत जी दिनचर्या रुळली, तिचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. सकाळी वर्ग भरत. विज्ञान, गणित, भाषा, इतिहास यांत कसलीही सूट नव्हती, कारण पुढे विद्यापीठातील प्रवेश मिळवायचे होते. दुपारी मात्र शाळा किनाऱ्यावर उतरे. पोहणे, बुडत्याला वाचविणे, प्रथमोपचार, एकट्याने वल्हवायची लहान होडी, शिडाची नौका हे सर्व क्रमाक्रमाने शिकविले जाई. त्यानंतर विद्यार्थी एखाद्या सेवापथकात दाखल होई. समुद्रावरील जीवरक्षक नौकेचे पथक, कड्यावर अडकलेल्यांना दोराने सोडविणारे पथक, आंघोळीच्या किनाऱ्यावर पहारा करणारे पथक, अशी ती रचना होती. पुढे वृद्धांच्या घरी जाणे, अपंग मुलांसोबत काम करणे, शेती व आवाराची निगा राखणे अशा सेवांची त्यात भर पडली.

ही पथके शोभेची नव्हती. ब्रिस्टलच्या खाडीतील भरती-ओहोटी जगातील सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींत मोजली जाते. ओहोटीच्या वेळी दूरवर फिरायला गेलेले लोक परतेपर्यंत पाणी चढते आणि वर जावे तर चुनखडीचे ठिसूळ कडे. माणसे अडकत, होड्या उलटत, कधी जीवही जात. तेथे हाक आली की गणिताचा तास चालू आहे म्हणून थांबता येत नसे. १९६३ साली ब्रिटनच्या ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ या संस्थेने शाळेत आपले अधिकृत किनारी जीवरक्षक केंद्र सुरू केले. १८२४ साली स्थापन झालेली ही संस्था लोकांच्या देणग्यांवर व स्वयंसेवकांच्या बळावर चालते. अशा संस्थेने आपली नौका सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिली, हा केवढा विश्वास!

निवासाची पद्धतही विचारपूर्वक आखलेली होती. एका खोलीत साधारणपणे चार विद्यार्थी, आणि तेही शक्यतो चार देशांचे. खिडकी उघडी ठेवायची की बंद, दिवा किती वाजता मालवायचा, हे प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात जात नाहीत, ते त्या चौघांनाच सोडवावे लागतात. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही हे पटेल. मी स्वतः बी.कॉम.ची वर्षे वसतिगृहात काढली आहेत. हिशेबशास्त्राचे नियम बरेचसे विसरलो, पण खोलीतील सोबत्यांशी पटवून घेण्याची विद्या अद्याप दुकानात कामी येते.

ज्याच्यासोबत दुपारी दोर धरायचा आहे, त्याच्याशी सकाळच्या इतिहासाच्या तासाला वाद झाला, तरी त्या वादाला धार येत नाही. दोराच्या एका टोकाला आपला जीव आणि दुसऱ्या टोकाला तो, मग तो कोणत्याही देशाचा असो. मैत्रीवर भाषणे देऊन मैत्री होत नाही. एकत्र कष्टाचे व जोखमीचे काम केल्याने ती होते, हे या शाळेने ओळखले होते.

एका बोटीचा जन्म

या दुपारच्या कामातूनच एक शोध जन्माला आला. लाकडी बोटी खडकाळ किनाऱ्यावर आपटून फुटत. रबरी फुगीर बोटी लाटांवर सुरक्षित, पण त्यांचा तळ कापडी असे. नायलॉनच्या कापडावर रबराचा लेप देऊन ते तयार केलेले असते. खडे-वाळूवरून रोज ओढल्याने ते कापड विरत जाई आणि भर समुद्रात वेगाने जाताना मऊ तळ हेलकावे खाई. ‘कापड विरले’ ही तक्रार आम्ही गिऱ्हाइकाकडून ऐकतो तेव्हा प्रश्न पैशांचा असतो, येथे जिवाचा होता.

होर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या कार्यशाळेत प्रयोग आरंभिले. मऊ तळाच्या जागी प्लायवुडचा कठीण तळ आणि वर फुगीर रबरी नळ्या असा संकर त्यांनी साधला. एक बोट करायची, समुद्रात न्यायची, कुठे फाटते ते पाहायचे आणि पुन्हा करायची, असे कित्येक वर्षे चालले. १९६९ साली विद्यार्थ्यांनी बांधलेल्या अशा एका बोटीने ब्रिटनला वळसा घालणारी शक्तिनौकांची शर्यतही पूर्ण केली. जीवरक्षक संस्थेने हा नमुना पुढे विकसित केला आणि १९७२ पासून ‘अटलांटिक २१’ ही नौका सेवेत आणली. तिच्या नावातील ‘अटलांटिक’ हे या शाळेचे नाव. आज जगभर नौदले, तटरक्षक दले आणि बचाव पथके या जातीच्या बोटी वापरतात.

या शोधाचे एकस्व होर यांच्याकडे होते. ते त्यांनी जीवरक्षक संस्थेला अवघ्या एका पौंडाच्या नाममात्र मोबदल्यात देऊन टाकले. त्या बोटीचा पुढील जगव्यापी बाजार पाहता, ती केवढी रक्कम सोडली गेली याचा अंदाज व्यापाऱ्याला चटकन येतो. परंतु जी वस्तू जीव वाचविण्यासाठी निर्माण झाली, तिच्यावर नफा मांडायचा नाही, हा हिशेबही त्या शाळेत शिकविला गेला. माझ्या मते तो पहिल्या हिशेबापेक्षा मोठा आहे.

वाढ आणि बदल

आरंभी ही शाळा केवळ मुलांची होती. १९६७ साली मुलींना प्रवेश मिळाला आणि दोनच वर्षांत, १९६९ साली, एलिझाबेथ हॉस्टवेट ही अठरा वर्षांची नॉर्वेजियन विद्यार्थिनी किनारी जीवरक्षक नौकेचे नेतृत्व करण्यास पात्र ठरलेली त्या संस्थेतील पहिली स्त्री ठरली. मुलींना संधी दिली की त्या काय करतात, यासाठी वेगळा पुरावा नको.

भारताचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांनी या चळवळीचे नेतृत्व स्वीकारले आणि तिचे ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस’ असे नामकरण झाले. १९७१ साली अटलांटिक कॉलेजने ब्रिटिश परीक्षा सोडून ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ हा नवा अभ्यासक्रम पूर्णपणे स्वीकारला. असे करणारी ती जगातील पहिली निवासी शाळा होती. या अभ्यासक्रमात सर्जनशील उपक्रम, शारीरिक उपक्रम आणि सेवा यांची जोड पदविकेसाठी अनिवार्य असते. आज आपल्याकडील अनेक शाळा ज्या ‘आय.बी.’ची जाहिरात करतात, त्यातील या सेवेच्या घटकाच्या घडणीत सेंट डोनॅट्सच्या त्या ओल्या, गार दुपारींचा मोठा वाटा आहे. खरा धागा तो हा.

सिंगापूर, कॅनडा, आफ्रिका असा विस्तार होत १९९७ साली ही चळवळ महाराष्ट्रात आली. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात ‘महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज’ उभे राहिले. सह्याद्रीच्या कुशीतील त्या टेकडीवर अनेक देशांतील मुले-मुली एकत्र राहतात आणि परिसरातील गावांशी नाते जोडतात. वेल्समध्ये समुद्र होता, येथे डोंगर आणि गावे आहेत. सेवा परिसराप्रमाणे रूप बदलते. आज या परिवारात १८ संस्था आहेत.

इतिहास लिहिताना केवळ गौरव करणे योग्य नाही. या शाळांतील शिक्षण अतिशय खर्चिक आहे. शिष्यवृत्त्या पुष्कळ असल्या, तरी जागा मोजक्याच असतात आणि जगातील असंख्य मुलांना त्यांचे नावही ठाऊक नसते. काळानुसार नियम कडक झाले, समुद्रावरील कामाचे स्वरूप पालटले. शेजारच्या केंद्रांच्या वेगवान नौका तो किनारा सांभाळू लागल्या आणि पन्नास वर्षांनंतर, २०१३ साली, शाळेतील जीवरक्षक केंद्र बंद झाले. ज्या उपक्रमाने शाळेला ओळख दिली, तो तिच्याच सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास थांबला. पन्नास वर्षांनंतर संस्थेची इमारत उरते, नाव उरते, पण मूळ काम त्याच रूपात उरेलच असे नाही. नवे रूप शोधावे लागते. आपण आपल्या पन्नाशीत आहोत, म्हणून हे वाक्य मी मुद्दाम लिहीत आहे.

आपला महापूर आणि माझा नकार

आता ते वैयक्तिक कारण. ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. आमच्या दुकानात पाणी शिरले, खालच्या फळ्यांवरील माल चिखलात गेला. पण मला आज आठवते ते मालाचे नुकसान नव्हे. ट्रस्टच्या वसतिगृहातील व्यवस्था त्या वेळी माझ्याकडे होती. पाणी चढत असताना सहा मुले माझ्याकडे आली. त्यांतील एक म्हणाला, “अण्णा, आम्ही सहाही जण नदीकाठचे, पोहणारे आहोत. गल्ल्यांमध्ये माणसे अडकली आहेत. आम्हाला जाऊ द्या.”

मी म्हणालो, “तुमच्या आई-वडिलांनी तुम्हाला माझ्या भरवशावर ठेवले आहे. कोणीही बाहेर पडायचे नाही.” मुले निमूटपणे माघारी वळली. आमच्या ओळखीच्या एक वृद्ध काकू दोन दिवस माळ्यावर बसून होत्या. बचाव पथकाची रबरी बोट आली, तेव्हा त्यांना खाली उतरविण्यात आले. त्या सुखरूप राहिल्या, हे त्यांचे आणि माझे भाग्य. पण त्यानंतर कित्येक दिवस त्या मुलांच्या नजरेला नजर देणे मला जड गेले.

माझे चुकले का? मी स्वतःला अनेकदा विचारले. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसलेली बोट उलटली आणि अनेकांनी प्राण गमावले. ती बातमी ऐकली, तेव्हा आपण नकार दिला ते बरे झाले, असेही वाटले. उत्साह होता, पण शिक्षण नव्हते. दोर कसा टाकावा, बोटीत कोणी कुठे बसावे, घाबरलेल्या माणसाला कसे धरावे, यातील काहीही त्या मुलांना कोणी शिकविलेले नव्हते. त्या दिवशी त्यांना पाठविणे चुकीचेच ठरले असते.

सेंट डोनॅट्सचा इतिहास वाचल्यावर मला माझी खरी चूक उमगली. ती त्या दिवसाची नव्हती. त्याआधीच्या सर्व वर्षांची होती. कृष्णेचा पूर आम्हाला नवा नाही, २००५ सालीही आम्ही तो सोसला होता. त्यानंतरच्या चौदा वर्षांत वसतिगृहातील मुलांसाठी आम्ही गुणगौरव समारंभ केले, व्याख्यानमाला केल्या, गणवेश वाटले. पण संकटात उपयोगी पडण्याचे शिक्षण देणारी एकही दुपार आम्ही वेळापत्रकात ठेवली नाही. होर यांच्या मुलांवर संस्थेने विश्वास टाकला, कारण आधी कित्येक दुपारी त्यांना त्या विश्वासास पात्र केले होते. आम्ही मुलांना पात्र केले नाही आणि मग ती अपात्र आहेत म्हणून घरात बसविले.

समारोप

सेवा ही सणासुदीला, फोटोपुरती करण्याची गोष्ट नव्हे. ती गणितासारखी, नेमाने, चुकत-माकत शिकण्याची विद्या आहे, हे त्या छोट्या शाळेचे सांगणे आहे. त्यासाठी किल्ला लागत नाही, समुद्र लागत नाही आणि ‘इंटरनॅशनल’ ही पाटीही लागत नाही. आठवड्यातील दोन दुपारी लागतात, शिकविणारा जाणकार माणूस लागतो आणि मुलांच्या हाती खरे काम सोपविण्याचे वडीलधाऱ्यांचे धाडस लागते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त नव्या सभागृहाचा विचार चालू आहे, तो जरूर व्हावा. त्याबरोबरच वसतिगृहाच्या वेळापत्रकात दोन दुपारी राखून ठेवाव्यात. प्रथमोपचार, जलसुरक्षा, दोरकाम, आजारी व वृद्ध माणसांची शुश्रूषा यांचे रीतसर शिक्षण जाणकारांकडून द्यावे. मुलांबरोबर मुलींनाही द्यावे. त्यासाठी पहिल्या तीन वर्षांचा खर्च मी उचलीन, तशी माझी तयारी आहे.

कृष्णा पुन्हा केव्हातरी पात्राबाहेर येणारच आहे. त्या दिवशी एखादा मुलगा किंवा मुलगी येऊन म्हणेल, “अण्णा, आम्हाला जाऊ द्या.” त्या वेळी व्यवस्था पाहणारे जे कोणी विश्वस्त असतील, त्यांना निश्चिंत मनाने “जा” म्हणता यावे. आपल्या पुढील पन्नास वर्षांची परीक्षा मला तरी एवढ्या एका शब्दात दिसते.